आधी कान, मग तार, मग लाकूड

जत शहरात आणि तालुक्यातल्या मोठ्या गावांत हल्ली बऱ्याच घरांत भिंतीला गिटार टांगलेली दिसते. मुलानं दहावीनंतर हट्ट करून घेतलेली असते. दोन-तीन महिने रोज वाजते. चार कॉर्ड बसतात, दोन सिनेमाची गाणी बसतात, मग एक तार तुटते आणि गिटार खुंटीवर जाते. त्याच घरातले आजोबा दर एकादशीला भजनात पेटी धरतात. आजीला दानम्मादेवीची कानडी पदं तोंडपाठ असतात. म्हणजे घरात सूर आहे आणि वाद्यही आहे. फक्त दोघांची गाठ पडलेली नाही.

ही गाठ घालून द्यावी, एवढ्यासाठी हे लिहितो आहे. गिटारीवर आपली रागदारी वाजते आणि चांगली वाजते. त्यासाठी परदेशी वाद्य मागवावं लागत नाही, मुंबई-पुण्याला जाऊन राहावं लागत नाही. लागतो तो कामाचा योग्य क्रम: आधी कान तयार करायचा, मग तारा बदलून लावायच्या आणि सगळ्यात शेवटी लाकडाला हात घालायचा. बहुतेक जण हाच क्रम उलटा करतात आणि वाद्यही घालवतात, उमेदही घालवतात.

मीही तेच केलं होतं. विशीत असताना सरोदवादन ऐकून आलो आणि रात्रभर झोप लागली नाही. सरोदला पडदे नसतात, म्हणून सूर असा सरकत जातो, एवढं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी पक्कड घेऊन बसलो आणि गिटारीचे सगळे पडदे उपटून काढले. प्रत्येक पडद्याबरोबर लाकडाचे टवके निघाले. दांडी खडबडीत झाली, तार कुठंही दाबली तरी भसभस वाजायला लागली. तरीही मला वाटलं, आता मींड, म्हणजे सुरावरून सुरावर सरकत जाणं, येईल. मींड आली नाही, कारण कोणत्या सुरावरून कोणत्या सुरावर जायचं आणि तो सूर नेमका कुठं थांबतो, हे माझ्या कानाला ठाऊकच नव्हतं. पडदे होते तोवर निदान सुराच्या आसपास तरी होतो. मिरजेच्या एका वयस्कर कारागिराकडे ती गिटार घेऊन गेलो. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि मला यमनचा आरोह-अवरोह म्हणायला सांगितलं. मला तो सुरात म्हणता आला नाही. त्यांनी गिटार परत हातात दिली आणि आधी गळ्यात राग येऊ दे, मग वाद्य घेऊन ये, असं समजावलं. त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं. आज वाटतं, त्याहून मोलाचा सल्ला मला कुणी दिला नाही.

पडद्यात अडचण काय आहे

गिटारीचे पडदे ठोकलेले असतात. सप्तकाचे बारा सारखे भाग करून ते बसवलेले असतात. पाश्चात्य संगीतात एकाच वाद्यावर कोणत्याही पट्टीत कॉर्ड धरता यावेत, यासाठी ती सोय आहे आणि त्या संगीताला ती शोभते. आपल्या रागदारीत मात्र सा एकदा ठरला की ठरला. बाकी सगळे सूर त्या सा-शी नातं सांगत उभे राहतात.

हिशोबानं पाहू. सा सेकंदाला 240 कंपनांचा धरला, तर त्याला मिळून येणारा शुद्ध गंधार 300 कंपनांचा. गिटारीच्या पडद्यावरचा गंधार 302.4. शुद्ध धैवत 400, पडद्यावरचा 403.6. कोमल गंधार 288, पडद्यावरचा 285.4. पंचम मात्र 360 ला 359.6, म्हणजे जवळजवळ तंतोतंत. मध्यमाचंही तसंच, 320 ला 320.4. याचा अर्थ गिटारीचे सा, म, प भरवशाचे आहेत. शुद्ध गंधार आणि शुद्ध धैवत चढे आहेत, कोमल गंधार उतरलेला आहे. गंधारातली दोन-अडीच कंपनं म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण तंबोऱ्याच्या शेजारी तो गंधार धरला की सुरात लाटा उठतात, सूर स्थिर राहत नाही. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

आजोबांच्या पेटीचंही हेच आहे. तीही बारा सारख्या भागांत लावलेली असते. म्हणून गिटार पेटीवरून लावू नका. तंबोऱ्यावरून लावा.

दुसरी अडचण मींडेची. सतारीचे पडदे उंच आणि कमानदार असतात, दांडी रुंद असते, त्यामुळे तार आडवी ओढून एकाच पडद्यावर चार-पाच सुरांपर्यंत जाता येतं. गिटारीची तार ताठ, दांडी अरुंद. एखादा सूर, फार तर दीड, एवढीच तार ओढली जाते. तिसरी अडचण अशी की गिटारीला लयीसाठी छेडायची चिकारी नाही, आपोआप गुंजणाऱ्या तरफेच्या तारा नाहीत, घोडीवरची जवारी नाही. तार छेडली की आवाज येतो आणि विझतो. तंबोऱ्यासारखं मागं गुंजन राहत नाही.

या तिन्ही अडचणींवर उपाय निघालेले आहेत. ते काढणारे लोक आपल्याच देशातले आहेत आणि हा प्रश्न पहिल्यांदा जिथं नीट मांडला गेला ते ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे.

सांगलीत हे आधी घडलं आहे

शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न पेटीच्या बाबतीत उभा राहिला. परदेशातून आलेली, ठरलेल्या सुरांची पेटी आपल्या गाण्याला साथ देऊ लागली होती आणि जाणकारांना तिचे सूर टोचत होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी हा विषय हाती घेतला. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेत त्यांनी सप्तकातल्या बावीस श्रुतींची, म्हणजे सूक्ष्म स्वरांची, मापं काढण्याचा प्रयत्न केला आणि 1910 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. पुढं अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या सोबतीनं बावीस श्रुतींची पेटी घडली. 1916 साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथं ती मांडली गेली. तिथल्या पंडितांना ती पटली नाही आणि तिचा प्रसारही झाला नाही. पण प्रश्न तिथं संपला नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा घडवली.

देवलांच्या मापांवर वाद झाले, पुढंही होतील. त्यांचा क्रम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. ते आधी गवयासमोर बसले, ऐकलं, मोजलं, आणि मग वाद्य बदलायला घेतलं.

व्हायोलिनचंही असंच. परदेशी वाद्य, धरण्याची पद्धत परदेशी. औंध संस्थानात गायक म्हणून राहिलेल्या गजाननबुवा जोशींनी ते हातात घेतलं तेव्हा गळ्यात ख्याल पक्का होता, म्हणून व्हायोलिन गाऊ लागलं. वि. गो. जोग, दा. के. दातार, गोव्याचे श्रीधर पार्सेकर यांनी तेच पुढं नेलं. आज व्हायोलिनला परकं कोण म्हणतं? पेटीवर आकाशवाणीनं 1940 मध्ये बंदी घातली होती, ती उठायला तीस वर्षं लागली. आज पेटीशिवाय आपल्या गावात भजन होत नाही. वाद्य कुठून आलं याला आपल्या लोकांनी शेवटी महत्त्व दिलेलं नाही. त्यातून सूर निघतो का, एवढंच पाहिलं.

गिटार कुणी वळवली

हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या तरुणानं गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवण्याची रीत रूढ केली. पुढं हवाईचे वादक हिंदुस्थानात आले, ताऊ मो तर 1940 च्या दशकात कलकत्त्याला राहिले. आपल्याकडं ही रीत लगेच रुजली, कारण ती ओळखीची होती. विचित्र वीणेवर काचेचा बट्टा सरकवतात, कर्नाटक संगीतातल्या गोट्टुवाद्यमवरही तसंच वाजवतात. पडद्याचा अडसर गेला की तार गळ्यासारखी चालते. व्हॅन शिपले यांनी मुंबईत याच गिटारीवर सिनेमाची गाणी घरोघर पोचवली.

रागदारीसाठी हे वाद्य पहिल्यांदा गंभीरपणे उभं केलं ते जोधपूरच्या पं. ब्रिजभूषण काब्रा यांनी. ते अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काब्रांची गिटार अशी 1967 साली निघालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका अजूनही ऐकली जाते. तिथला संतूरही नुकताच काश्मीरच्या सूफियाना मैफलीतून रागदारीत आलेला होता. जयपूरचे पं. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला तरफा आणि चिकारी जोडून सुमारे वीस तारांची मोहनवीणा केली. 1994 साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. काब्रांचे शिष्य पं. देबाशिष भट्टाचार्य यांनी चतुरंगी, गांधर्वी अशा गिटारी घडवल्या आणि त्यांतच आनंदी नावाची फक्त चार तारांची छोटी गिटारही केली. वीस तारांवाचून अडत नाही, हे त्यावरून ध्यानात यावं.

दुसरी वाट गिटार नेहमीसारखी हातात धरूनच वाजवण्याची. जॉन मॅकलॉफ्लिन यांनी झाकीर हुसेन आणि एल. शंकर यांच्याबरोबर ‘शक्ती’ हा गट केला, तेव्हा त्यांनी खास गिटार करवून घेतली. तिच्या पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलं होतं, म्हणजे बोट लाकडाला न टेकता तार खोल ओढता येते. शिवाय तिला आडव्या तरफेच्या तारा होत्या. तिसरी वाट पडदेच नसलेल्या गिटारीची, सरोदच्या जवळची.

या तिन्ही वाटा खुल्या आहेत. पण या सगळ्यांनी गाणं आधी घेतलं, वाद्य नंतर बदललं. आपणही तसंच करू.

पहिले तीन महिने: घरच्या गिटारीवर

आता प्रत्यक्ष कामाचं सांगतो. घरातली गिटार साधी, पोलादी तारांची, तीन-चार हजारांची असली तरी चालते. नव्या तारांचा एक संच घ्या.

नेहमीच्या पद्धतीनं लावलेल्या गिटारीच्या सहा तारांपैकी तीन तारा उतरवायच्या आहेत, चढवायची एकही नाही. त्यामुळं दांडीवर ताण वाढत नाही आणि तार तुटण्याची भीती राहत नाही. सा धरायचा पांढरी दोन. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप असतं, त्यात पांढरी दोन म्हणजे इंग्रजी ‘डी’ निवडा.

सगळ्यात बारीक पहिली तार दोन पडद्यांइतकी उतरवून सा-मध्ये लावा. दुसरी तशीच दोन पडदे उतरवून पंचमात. तिसरी आहे तिथंच ठेवा, ती मध्यम होते. चौथी आहे तशीच, ती खालचा सा. पाचवी आहे तशीच, ती खालचा पंचम. सहावी जाड तार दोन पडदे उतरवून खर्जाच्या सा-मध्ये. जाडीकडून बारीककडे वाचलं तर सा प सा म प सा असा क्रम लागतो. सा आणि पंचम तंबोऱ्याशी मिळवून घ्या. लाटा थांबल्या की तार लागली.

आता तिसऱ्या तारेकडे या. भूप किंवा यमन वाजवायचा असेल तर ही तार मध्यमातून उतरवून गंधारात आणा. तंबोऱ्यावरचा खर्ज नीट ऐका. त्या एका तारेतून, कुणी न वाजवता, गंधार ऐकू येतो. जुने गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्या दिवशी तो कानाला लागणार नाही, आठव्या-दहाव्या दिवशी लागेल. तिसरी तार त्याच्याशी मिळवा. मग पहिली तार चौथ्या पडद्यावर दाबा आणि दोन्ही गंधार एकदम छेडा. एक वरच्या सप्तकातला, एक खालच्या. दोघांत लाट ऐकू येईल. वर सांगितलेला 300 आणि 302.4 चा फरक तो हाच. आता पहिली तार चौथ्याऐवजी तिसऱ्या पडद्यावर दाबून आडवी ओढा, लाट थांबेपर्यंत ओढा. तिथं खरा गंधार आहे. तार ओढून सूर चढवता येतो, उतरवता येत नाही. म्हणून चढ्या पडद्यावर न थांबता एक पडदा मागून ओढत यायचं. सतारवाले हेच करतात.

त्यानंतर वाजवायचं ते एकाच तारेवर. मोकळी तार सा, दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नी, बाराव्यावर वरचा सा. कोमल रे पहिल्या पडद्यावर, कोमल ग तिसऱ्या, तीव्र म सहाव्या, कोमल ध आठव्या, कोमल नी दहाव्या. गिटार शिकलेल्या मुलांना तारांमागून तारा बदलत धावायची सवय असते. ती सवय तीन महिने बाजूला ठेवा. एका तारेवर चाललात की बोट आपोआप सरकायला शिकतं आणि दोन सुरांमधली जागा कळते. रागाचं सौंदर्य बरंचसं त्याच जागेत असतं.

पहिला राग भूप. पाचच सूर, मध्यम आणि निषाद वर्ज्य. मग दुर्गा, त्यात गंधार नाही आणि मध्यम आहे, म्हणून तिसरी तार परत मध्यमात चढवा. मग यमन. मालकंसाची घाई नको. त्यात पंचम वर्ज्य असल्यानं तंबोराही मध्यमात लावावा लागतो आणि गिटारीच्या पंचमाच्या तारा उतरवाव्या लागतात.

रोज अर्धा तास. त्यातली पहिली दहा मिनिटं गिटार मांडीवर ठेवून नुसतं गायचं. आवाज चांगला नसला तरी गायचं. जे गळ्यातून निघालं, तेच मग तारेवर काढायचं. गळ्यातून निघालं नाही ते तारेवर वाजवू नका.

त्यानंतर मिरज

तीन महिने हे झालं आणि आवड टिकली, तर आपल्या तालुक्याची गाडी मिरजेला जाते. सकाळच्या एसटीनं कवठेमहांकाळ मार्गे निघालात तर काम उरकून रात्री घरी येता. दीडशेहून जास्त वर्षं तिथं तंतुवाद्यं घडतात. हत्यारं घडवण्या-घासण्याचं काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हे काम सुरू केलं, असं तिथली परंपरा सांगते. त्यांच्या वंशजांचं आडनावच सतारमेकर झालं. पंढरपूर भागात पिकणारे मोठे कडू भोपळे वाळवून त्यांचे तंबोरे होतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. देशभरातले मोठे कलाकार तिथून वाद्यं नेतात आणि आपण शेजारी राहून गिटार मात्र इंटरनेटवर पाहून स्वतः कापतो, हे बरोबर नाही.

तिथं गेल्यावर काय सांगायचं, ते ठरवून जा. सरकवून वाजवायचं असेल तर दांडीच्या टोकाशी जिथं तारा टेकतात तो मेरू उंच करून घ्यावा लागतो, म्हणजे तारा पडद्यांच्या वर उचलल्या जातात आणि कांडी खाली आपटत नाही. हे काम कमी खर्चाचं आहे आणि पसंत पडलं नाही तर मूळचा मेरू परत बसवता येतो. म्हणून लाकडाला हात घालण्याची सुरुवात इथूनच करावी. त्यानंतर चिकारी. जाड सहावी तार काढून तिथं बारीक तार वरच्या सा-मध्ये लावून पाहता येते. खाच जाड तारेची असल्यानं ती कारागिराकडून नीट करून घ्या. झाला वाजवताना अंगठ्याखाली ती तार असली की लय सुटत नाही. तरफा आणि वेगळ्या खुंट्या हा फार पुढचा टप्पा. साध्या गिटारीच्या दांडीला तो ताण सोसत नाही, पोट फुगतं, घोडी उखडते. तो विचार दोन-तीन वर्षांनी, गुरूला विचारून आणि वेगळं वाद्य घडवूनच करावा. पडदे काढणं तर अगदी शेवटी. ते काम कारागीर पडदा तापवून सावकाश काढतो आणि खाच भरून घेतो. पक्कड घेऊन बसू नका.

आपल्या भागासाठी एक वेगळी सूचना. जतच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. पत्र्याच्या घरात भिंतीला टांगलेल्या गिटारीचं लाकूड आकसतं, फटी पडतात, पडद्यांची टोकं बाहेर येऊन बोटाला लागतात. एप्रिल-मेमध्ये गिटार खुंटीवरून काढा, पिशवीत घालून घरातल्या गार खोलीत ठेवा. जवळ पाण्याचा माठ असला तर उत्तम. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसा, घामानं त्या गंजतात. आठवडाभर वाजवणार नसाल तर तारा थोड्या सैल करून ठेवा.

शिकवणार कोण

पालक विचारतील, गिटारीवर रागदारी शिकवणारा मास्तर जतमध्ये कुठून आणायचा? गिटारीच्याच मास्तरासाठी थांबू नका. गाणं शिकवणारे गुरुजी शोधा, ते सापडतात. गजाननबुवांनाही घडवलं ते गाण्यानं. राग शिकायचा गवयाकडून आणि तो तारेवर उतरवायचा स्वतः. त्यांनी सुरात म्हटलेलं तुम्ही सुरात वाजवलं की नाही, हे तेच सांगतील. त्यासाठी त्यांना गिटार यायची गरज नाही.

आणि ऐका. गायन ऐकल्याशिवाय तंतुवाद्य येत नाही. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर तिथंच आहे. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाणं होतं. औंधला दरवर्षी संगीत महोत्सव होतो. तिथं मुलांना घेऊन जा आणि शेवटचा कलाकार होईपर्यंत बसा. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विद्या घेतली आणि 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. एवढी मोठी गोष्ट जिथून निघाली ते ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे, हे मुलांना जागेवर उभं राहून सांगा.

तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांतल्या कानडी बोलणाऱ्या घरांना वाटत असेल की हे मराठी लोकांचं काम. तसं समजू नका. धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूर लहानपणी मिरजेच्या नीलकंठबुवा अलूरमठांकडे राहून ख्याल शिकले. कानडी मुलाला मिरजेत कुणी परकं मानलं नाही. सीमेवरच्या घरात जन्मलेल्या मुलाच्या कानावर दोन भाषांची गाणी पडतात आणि रागदारीला त्याचा फायदाच होतो.

तीन मागण्या

मुलांना माझी मागणी ही: गिटार आज खुंटीवरून उतरवा. नव्या वाद्याचा हट्ट धरू नका. तीन तारा उतरवा, तंबोरा लावा आणि नव्वद दिवस एका तारेवर भूप वाजवा. सिनेमाची गाणी सोडा असं मी म्हणत नाही. ती वाजवाच, पण हा अर्धा तास वेगळा ठेवा.

पालकांना ही: मुलाला स्पर्धेत बक्षीस मिळतं का, रिअ‍ॅलिटी शोमध्ये नंबर लागतो का, हे पहिल्या दोन वर्षांत विचारू नका. आपल्याकडची डाळिंबाची बाग पहिल्या वर्षी तोडणीला येत नाही, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. पाण्यासाठी किती वर्षं वाट पाहिली, तेही तुम्हाला ठाऊक आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास टीव्ही बंद ठेवा, एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

तिसरी मागणी भजनी मंडळांना, आणि ती सगळ्यात मोठी आहे. तुमच्याकडं देऊळ आहे, वीणा आहे, मृदंग आहे, सुरात गाणारी माणसं आहेत. भजनाआधीचा अर्धा तास या मुलांना द्या. त्यांना गिटार घेऊन सतरंजीवर, विणेकऱ्याच्या शेजारी बसू द्या. वीणा सा-मध्ये चालू ठेवा आणि मुलांना त्या सा-वर सूर धरायला लावा. चुकलं तर थांबवा, हसू नका. गावात पेटी पहिल्यांदा देवळात आली तेव्हा तिलाही कुणीतरी जागा करून दिली असेल, म्हणूनच आज ती तिथं आहे.

येत्या एकादशीपासून हे सुरू करता येईल. त्यासाठी कुणाची परवानगी नको, वर्गणी नको. विणेकऱ्यांनी फक्त थोडं सरकून बसायचं आहे.